गजांआडची बाराखडी

मराठी मुलखात तुरुंगात राहून अक्षरओळख करून घेतलेला पहिला ठळक माणूस म्हणजे उमाजी नाईक. पुरंदरच्या पायथ्याशी भिवडीला १७९१ मध्ये जन्मलेला हा रामोशी १८१८ च्या सुमारास, पेशवाई बुडाली त्या धामधुमीत, वर्षभर कैदेत होता आणि त्या वर्षात तो लिहायला-वाचायला शिकला, असे त्याचे चरित्रकार नोंदवतात. पुढे कंपनी सरकारविरुद्ध त्याने जाहीरनामे काढले. १६ फेब्रुवारी १८३१ च्या जाहीरनाम्यात त्याने लोकांना इंग्रजांची चाकरी सोडा, सारा देऊ नका असे बजावले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला भोरजवळच्या उत्रौली गावात तो फितुरीने पकडला गेला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी दिले. कोठडीतल्या अखेरच्या दिवसांत कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने त्याच्याशी बोलून माहिती जमवली आणि १८३३ मध्ये रामोशी समाजावर पुस्तक छापले. डोंगरातला बंडखोर लिहितावाचता होता ही गोष्ट सरकारला किरकोळ वाटण्याजोगी नव्हती. हुकूम काढणारा माणूस आणि दरोडा घालणारा माणूस यांत राज्यकर्त्यांच्या लेखी मोठे अंतर असते.

उमाजी ज्या तुरुंगात शिकला तिथे सरकारी शिक्षक नव्हता. त्या काळी तो कुठेच नव्हता. पेशवाईत किल्ले हेच तुरुंग होते. सिंहगड, पुरंदर, प्रतापगड अशा गडांवर कैदी ठेवले जात आणि कारखानीस-सबनिसांच्या कागदांत त्यांच्या शिध्याचा हिशेब येई, शिक्षणाचा येत नसे. शिकायचे तर शेजारच्या लिहित्या कैद्याकडून, नाहीतर पहाऱ्यावरच्या कारकुनाकडून. लिहिणे म्हणजे तेव्हा मोडी: बोरू, टाक आणि न उचलता ओढलेली ओळ. छापील बाळबोध पुस्तके सामान्य माणसाच्या हाती यायला अजून अवकाश होता.

एका शिकणाऱ्याने दुसऱ्याला शिकवायचे ही रीत मात्र मराठी माणसाला परकी नव्हती. पंतोजींच्या शाळेत तीच चाले. ओसरीवर किंवा देवळात बसणाऱ्या त्या शाळेत लाकडी फळीवर विटकरीची नाहीतर साधी धूळ पसरत. थोरला मुलगा तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर काढी, धाकटा तेच अक्षर गिरवी, मग फळी हलवली की पाटी कोरी. कागद लागत नसे आणि चूक शिल्लक राहत नसे. पंतोजी एक, मुले वीस-पंचवीस, वये निरनिराळी. थोरल्याने धाकट्याला सांगितल्याशिवाय शाळा चालूच शकली नसती. मद्रासजवळ एग्मोरच्या अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने १७८९ च्या सुमारास देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली आणि ती युक्ती आपल्या शाळेत आणली. तिथे त्याने मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवून घ्यायला सुरुवात केली. १७९७ मध्ये त्याने इंग्लंडात त्याचे वर्णन छापले. जोसेफ लँकेस्टरने त्याच सुमारास तिथे असाच प्रयोग केला, आणि ही पद्धत १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या सरकारी मदतीच्या शाळांत नवी म्हणून परत आली. ओसरीवरून गेलेली गोष्ट साहेबी नाव लावून घरी आली, एवढेच.

तुरुंगात ही पद्धत हेतुपुरस्सर वापरल्याचे गाजलेले उदाहरण उमाजीच्या कैदेच्या आदल्याच वर्षीचे, पण लंडनचे आहे. न्यूगेटच्या तुरुंगात एलिझाबेथ फ्राय या क्वेकर बाईने १८१७ मध्ये स्त्री-कैदी व त्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. शिक्षिका बाहेरून आणली नाही. घड्याळचोरीच्या आरोपावरून आत आलेली मेरी कॉनर हिला कैद्यांतूनच निवडले. हे काम फ्रायबाईंच्या नावावर जमा झाले आणि ते योग्यही आहे, पण वर्गात रोज उभी राहत होती ती कॉनर.

हिंदुस्थानात कंपनी सरकारची दिशा उलटी होती. १८३६ ते १८३८ या काळात बसलेल्या तुरुंग-शिस्त समितीत मेकॉलेही होता. कैद्यांना शिक्षण, नीतिपाठ किंवा चांगल्या वागणुकीचे बक्षीस यांपैकी काहीही देऊ नये, असा तिचा निर्णय होता. शिक्षा कडक, कंटाळवाणी आणि एकसुरी असावी हे तिचे सूत्र. याच मेकॉलेने १८३५ मध्ये शिक्षणावर आपले प्रसिद्ध टिपण लिहिले होते; तुरुंगाच्या दाराशी त्याचा शिक्षणावरचा विश्वास संपला. तरी अपवाद घडला. वायव्य प्रांतात मैनपुरीला चार्ल्स रेक्स या मॅजिस्ट्रेटने १८५१ च्या सुमारास कैद्यांना अक्षरे शिकवायला सुरुवात केली. आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगात डॉ. वॉकर याने ते काम वाढवले आणि वाचता येणाऱ्या कैद्यांनाच इतरांचे शिक्षक केले. हजारोंच्या तुरुंगात पगारी शिक्षक परवडणारे नव्हते. १८५७ मध्ये तुरुंग फुटले, कैदी पळाले आणि तो प्रयोग विस्कटला.

१८६६ मध्ये मेरी कार्पेंटर ही इंग्रज समाजसुधारक हिंदुस्थानात आली आणि अहमदाबाद, पुणे, मुंबई असा दौरा करून तिने १८६८ मध्ये ‘सिक्स मंथ्स इन इंडिया’ हे पुस्तक छापले. तुरुंगात शिक्षणाची सोय नाही ही तिच्या मुख्य तक्रारींपैकी एक होती. तिच्या दौऱ्यानंतर पाचच वर्षांत, १८७१ मध्ये, पुण्याजवळ येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग उभा राहिला. भोर, वेल्हे, पुरंदर, मुळशी या डोंगरी भागातल्या माणसाला लांबची शिक्षा झाली की त्याची वाट बहुधा इकडेच वळू लागली. भोर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान होते. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे त्याचे पाच तालुके. त्यांतला विचित्रगड म्हणजे रोहिडा, भोर खोऱ्याचा किल्ला. प्रचंडगड म्हणजे तोरणा. पुढे वेल्हे तालुका म्हणून ओळखला गेलेला भाग बहुतांशी राजगड आणि प्रचंडगड या दोन नावांखाली नांदत होता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले; सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला आणि बाकीचा बहुतेक मुलूख पुणे जिल्ह्याला जोडला गेला.

येरवड्याच्या कारभाराचा एक विशेष पुढच्या सगळ्या हकिकतीला आधार आहे. ब्रिटिश तुरुंग कैद्यांच्याच जोरावर चालत. चांगल्या वागणुकीच्या जुन्या कैद्याला आधी रात्रपाळीचा पहारेकरी, मग मुकादम, मग वॉर्डर करीत. त्याला वेगळा पोशाख आणि शिक्षेत जास्त माफी मिळे. १८९४ च्या कारागृह कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी ही उतरंड पक्की केली. कैदी कैद्यावर पहारा देऊ शकतो, तर शिकवू का शकणार नाही, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहतो. पण विशेष माफी कोणाला द्यायची याची जी जुनी यादी तुरुंग-नियमावल्यांत असे, तीत शिस्तभंगाची खबर देणे, अधिकाऱ्याला हल्ल्यातून वाचवणे, कपडे जपून वापरणे आणि हस्तव्यवसाय यशस्वीपणे शिकवणे ही कारणे होती. सतरंजी विणायला शिकवणाऱ्याचे दिवस कमी होत. ‘क’ काढायला शिकवणाऱ्याचे होत नसत. त्याच येरवड्यात सरकारी छापखाना होता आणि वर्षानुवर्षे सरकारी छपाई तिथे होत आली. खिळे जुळवायला अक्षर ओळखता यावे लागते, म्हणजे सरकारला स्वतःच्या कामापुरती साक्षरता हवीच होती.

कैद्यांनी कैद्यांना शिकवण्याची मराठीत सर्वांत सविस्तर लिहिलेली हकिकत येरवड्याची नाही, अंदमानची आहे. विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमध्ये पोचले आणि १९२१ पर्यंत तिथे होते. ‘माझी जन्मठेप’ हे त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कोलू म्हणजे तेलाचा घाणा, काथ्याकूट आणि जेलर बारीसाहेब यांच्या जोडीने शिक्षणाच्या खटपटीचा मोठा भाग आहे. राजबंदी शिकलेले, सामान्य जन्मठेपी बहुतेक निरक्षर. सुरुवातीला राजबंद्यांनाच शिकवण्यात रस नव्हता आणि या वयात शिकून काय करायचे असे जन्मठेप्यांना वाटे. सावरकरांनी दोन्ही बाजूंची समजूत घातली. लोभाचे एक कारण हाताशी होते: लिहिता-वाचता येणाऱ्या कैद्याला मुन्शीचे काम मिळे, आणि मुन्शी कोलूला जुंपला जात नसे. साक्षरतेच्या प्रसाराला एवढे थेट प्रलोभन क्वचितच मिळाले असेल.

पाटी-पेन्सिल मिळणे अवघड होते, तेव्हा कोठडीच्या भिंती कामी आल्या. खिळ्याने किंवा काट्याने चुन्यात कोरून लिहायचे, वाचायचे, पाठ करायचे. कैद्यांच्या कोठड्या अधूनमधून बदलत. पहारा सैल पडू नये म्हणून केलेली ही अदलाबदल शिकणाऱ्यांच्या पथ्यावर पडली, कारण एकाने लिहिलेले पुढच्याच्या वाचनात येई. चुना फिरला की सारे पुसले जाई आणि नव्याने सुरू होई. पुढे राजबंद्यांना घरून येणारी पुस्तके एकत्र करून तुरुंगात ग्रंथालयही उभे राहिले. ही हकिकत सांगणारा स्वतः त्यातला मुख्य माणूस आहे, आणि त्याच्या लेखी शिकवणे हे शुद्धी व संघटन यांना जोडलेले काम होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. तरी शिकवण्याची रीत, विरोध आणि लालूच यांचे इतके तपशील दुसऱ्या कुठल्या मराठी तुरुंगकथेत नाहीत.

येरवड्यातली पुढची नोंद एका बालपोथीची आहे. मार्च १९२२ पासून फेब्रुवारी १९२४ पर्यंत गांधीजी तिथे कैदेत होते. १९२२ मध्ये त्यांनी आई मुलाला शिकवते आहे अशा बेताची एक गुजराती ‘बाळपोथी’ तुरुंगात लिहिली. ती छापून आली त्यांच्या मृत्यूनंतर, १९५१ मध्ये. १९३२ च्या कैदेत त्याच आवारात वल्लभभाई पटेल साठीकडे झुकलेल्या वयात संस्कृतचे धडे गिरवत होते. पुस्तके औंधला राहणाऱ्या श्रीपाद दामोदर सातवळेकरांची आणि मदतीला महादेव देसाई. मोठा बॅरिस्टर विद्यार्थी होऊन बसतो आणि सहकारी कैदी गुरुजी होतो, हे त्या काळच्या राजकीय बराकींत नवलाचे नव्हते. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात साने गुरुजी तमिळ शिकले. वेल्लोरच्या तुरुंगात विनोबांनी दक्षिणेच्या चारही भाषा घेतल्या.

धुळ्याच्या तुरुंगातला प्रकार वेगळा आणि अधिक मोलाचा. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. समोर सगळे पंडित नव्हते. चळवळीत आलेले शेतकरी, कारकून, व्यापारी असे सर्व तऱ्हेचे कैदी ऐकायला होते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजेल असे बोलणे हे त्या प्रवचनांच्या भाषेचे बळ आहे. १९३० पासून कैद्यांची अ, ब, क अशी वर्गवारी होती. खेड्यातून आलेला सत्याग्रही बहुधा ‘क’ वर्गात पडे, दळण-कांडण करी आणि संध्याकाळी बराकीत शिकलेल्या सोबत्याजवळ बसे. ‘श्यामची आई’ ही १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या पुस्तकाची रात्रीमागून रात्र गोष्ट सांगण्याची घडण अशा बंद बराकीत सुचावी हे साहजिक वाटते.

भोरचे शेजारी आणि जुने सातारकर भाऊबंद असलेल्या औंध संस्थानाने तुरुंगाच्या प्रश्नाला वेगळ्या टोकाने हात घातला. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये प्रजेला राज्यघटना दिली, आणि गांधीजींच्या आग्रहाने मताधिकाराला साक्षरतेची अट घातली. अट पाळायची तर आधी लोकांना शिकवणे भाग होते. त्याच वर्षी मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंत नसलेली कैद्यांची वसाहत वसली. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये पडद्यावर आणलेला ‘दो आँखें बारह हाथ’ तिच्यावरूनच सुचला. भोर संस्थानात असा प्रयोग झाला नाही.

तुरुंगाबाहेर या काळात ‘एकाने एकाला शिकवा’ ही घोषणा फिरत होती. फिलिपिन्समध्ये साक्षरतेचे काम केलेला फ्रँक लॉबाक १९३५ मध्ये हिंदुस्थानात आला. इथल्या शिक्षकांच्या मदतीने मराठीसह अनेक भाषांचे वाचनतक्ते त्याने बनवले. मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३७ नंतर साक्षरतेची मोहीम घेतली. १९५९ मध्ये भोरला लागून असलेल्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि दोनच वर्षांत राज्यभर गेली. गावातल्याच शिकलेल्यांनी विनामोबदला शिकवायचे आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, असे तिचे स्वरूप. भोर-वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांत शाळा पुष्कळ उशिरा पोचल्या. म्हणून या भागातल्या एखाद्या माणसाची अक्षरांशी पहिली भेट वाडीत न होता येरवड्याच्या बराकीत झाली, तर त्यात अशक्य काही नाही.

स्वातंत्र्यानंतर तत्त्व बदलले. जिनिव्हात १९५५ मध्ये संमत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या किमान नियमांनी निरक्षर आणि तरुण कैद्यांचे शिक्षण सक्तीचे मानले. २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनी तेच १०४ व्या नियमात पुन्हा सांगितले. ते नाव योग्य आहे. मंडेला जिथे कैदेत होते त्या रॉबेन बेटावर चुनखडीच्या खाणीत दगड फोडता फोडता कैद्यांनी एकमेकांना इतिहास-अर्थशास्त्रापासून अक्षरओळखीपर्यंत सगळे शिकवले होते. भारतात तिहारमध्ये किरण बेदी १९९३ ते १९९५ या काळात महानिरीक्षक असताना शिकलेल्या कैद्यांनी निरक्षरांना शिकवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पुढे मध्यवर्ती कारागृहांत त्याची अभ्यासकेंद्रे निघाली, आणि परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कैद्याला विशेष माफी मिळू लागली. पदवीपर्यंतचा रस्ता तयार झाला. पहिली पायरी मात्र आजही बहुतेक ठिकाणी सहकैद्याच्याच हातात आहे.

त्याला साधी कारणे आहेत. संध्याकाळी बंदी मोजून बराक बंद होते ती सकाळीच उघडते. या वेळात बाहेरचा शिक्षक आत येऊच शकत नाही, आणि शिकायला मोकळा वेळ असतो तो नेमका हाच. चाळिशीच्या माणसाला तरुण शिक्षकासमोर अडखळायची लाज वाटते, शेजारच्या अंथरुणावरच्या माणसासमोर तितकी वाटत नाही. शिकवायला साहित्यही फारसे लागत नाही: एक वही, जुने वर्तमानपत्र आणि ज्यावर रोज नजर पडते असे कागद. कोर्टाची तारीख, वकीलपत्र, आरोपपत्राची प्रत, उपाहारगृहाची चिठ्ठी, घरच्या मनीऑर्डरची नोंद हीच खरी पाठ्यपुस्तके. निरक्षर बंद्याला यांतला प्रत्येक कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि त्या वाचनाची किंमत साबण, बिस्किटे किंवा कामाच्या रूपात चुकवावी लागते. स्वतःचे आरोपपत्र स्वतः वाचता येणे ही त्याची पहिली सुटका असते. मुळाक्षरांच्या क्रमाने न जाता नावापासून सुरुवात करणारा शिकवणारा म्हणूनच जास्त यशस्वी होतो. आधी सही, मग गावाचे नाव, मग तालुका, मग कलमाचा आकडा.

अडचणी कमी नाहीत. देशभरच्या कारागृहांतले सुमारे तीन चतुर्थांश बंदी कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले आहेत. कोणाला कधी जामीन मिळेल, कोणाची बदली होईल सांगता येत नाही. शिकवणारा गेला की वर्ग बंद पडतो. देशातल्या बंद्यांत निरक्षरांचे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास आहे आणि बराकी मंजूर संख्येच्या बाहेर भरलेल्या असतात. त्यात जुनी खोड आहेच: लिहिता येणाऱ्याच्या हाती सत्ता येते. अर्ज लिहून देणारा सगळ्यांना शिकवून स्वतःचे महत्त्व कशाला घालवील? जिथे वॉर्डर आणि शिक्षक एकच माणूस असतो तिथे वर्गाची हजेरीही धाकाने भरते. म्हणून शिकवणाऱ्याची निवड आणि त्याच्या मोबदल्याची शिस्त ही कारागृहाची जबाबदारी ठरते. ती बंद्यांवर सोडली की शाळेचे दुकान होते.

या बाबतीत नियम उशिरा का होईना बदलले. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत विशेष माफीला पात्र ठरणाऱ्या कामांमध्ये सहबंद्यांना शिकवण्यातले उल्लेखनीय योगदान स्पष्टपणे गणले आहे. सतरंजी शिकवणाऱ्याला जे शतकभर आधी मिळत होते, ते अक्षर शिकवणाऱ्याला कागदावर तरी आता मिळाले आहे. ते प्रत्यक्षात किती जणांच्या पदरात पाडायचे, हे प्रत्येक कारागृहाच्या अधीक्षकाच्या हाती आहे.